उपाशी ठेवायच्या पेशी

भिंगरीकाकांना बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा ते येरझारा घालत प्यायचे आणि मग कप कुठल्या खोलीत राहिला ते शोधायला आणखी एक फेरी मारायचे. पायाला भिंगरी म्हणून भिंगरीकाका. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच सुखात होतं. वय सत्तावन्न, अंगकाठी बारीक, आणि धंदा असा की नवा माणूस तो पुन्हा एकदा विचारून घ्यायचा.

लोक कुत्री पाळतात, कोंबड्या पाळतात. काका कर्करोगाच्या पेशी पाळत. कुणाच्या तरी गाठीतून कधीकाळी काढलेल्या, आणि तो माणूस गेला तरी प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत वाढतच राहिलेल्या. तुलनेला शेजारी निरोगी पेशींच्या बाटल्या असत. सगळ्यांना शरीराइतकी ऊब लागते, म्हणून त्या उबेच्या कपाटात ठेवायच्या. खायला लागतं, म्हणून दर दोन दिवसांनी जुनं गुलाबी पाणी काढून नवं घालायचं. या पाण्याला तिथे सगळे मीडियम म्हणत. त्यात साखर, क्षार आणि रक्तापासून काढलेलं सीरम असतं, आणि पेशींनी ते संपवत आणलं की गुलाबी रंग पिवळा पडत जातो. कोण जेवलंय आणि कोण भुकेलंय हे काका कपाटाच्या काचेतूनच सांगायचे. रविवार असो नाहीतर अंगात ताप असो, अकराच्या ठोक्याला कपाटापाशी हजर. "एकतीस वर्षांत माझी एक बाटली उपाशी राहिली नाही," हे वाक्य नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवलं जायचं, आणि मुलं पुढे काकांच्याच आवाजात ते एकमेकांना ऐकवायची.

अशा माणसाला देवाने बायको दिली ती घड्याळं दुरुस्त करणारी. डोळ्याला भिंग लावून ती दुकानात आठ-आठ तास हलायची नाही. घरी आल्यावर नवरा स्वयंपाकघर ते खिडकी अशा फेऱ्या मारायचा आणि ती त्याच्याकडे बिघडलेल्या लंबकाकडे बघावं तशी बघायची. तीस वर्षांचा संसार याच जोरावर टिकला होता, एकाने फिरायचं आणि एकाने बसायचं.

आता टाचणीबद्दल. ही प्रयोगशाळेत पीएचडी करणारी मुलगी, बारीक आणि टोकदार, म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. तिचा विषय तिने काकांना एकदा बाटल्या पुसता पुसता समजावून दिला होता, आणि काका दुसऱ्या दिवशी तो बायकोला जशाच्या तसा सांगत होते. पेशीचं मोठं काम म्हणजे प्रथिनं बनवणं. आकाराने वाढायचं तर प्रथिनं हवीत, एकीच्या दोन व्हायच्या तर दुप्पट हवीत, आणि या कामात तिची शक्तीही खूप जाते. निरोगी पेशी अंथरूण पाहून पाय पसरते. अन्न आटलं की तिच्यातलं एक बटण पडतं, प्रथिनांचा कारखाना जवळजवळ बंद होतो, आणि पुन्हा चार घास मिळेपर्यंत ती गप्प पडून राहते. कर्करोगाच्या कित्येक पेशींत हेच बटण बिघडलेलं असतं. घरात काही असो नसो, त्यांचा कारखाना चालूच, म्हणून तर त्यांची गाठ होते. टाचणीला पाहायचं होतं की अशा पेशींना अन्नच दिलं नाही तर त्यांचं काय होतं.

त्यासाठी पेशी मुद्दाम उपाशी ठेवायच्या. साखर नाही, सीरम नाही, नुसतं क्षारांचं गुलाबी पाणी, चोवीस तास. काकांना हा प्रकार मनापासून आवडत नव्हता, पण शास्त्रात आपली आवड कोण विचारतो.

एका शनिवारी दुपारी बारा वाजता टाचणीने चार निरोगी आणि चार कर्करोगाच्या प्लेट्स, म्हणजे बाटल्यांतून उथळ ताटल्यांत घेतलेल्या पेशी, उपाशी ठेवल्या आणि झाकणांवर ठसठशीत अक्षरांत तसं लिहिलं. रविवारी बाराला ती येऊन त्या काढून घेणार होती. रविवारी काका आले, बाकी सगळ्यांचं जेवणखाण झालं, बारा वाजून गेले, एक वाजला, पण टाचणीचा पत्ता नाही. काकांनी फोन लावला, तो बंद. ती घरी तापाने फणफणली होती हे नंतर कळलं. तीन वाजता काकांनी एकेक प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली. निरोगी पेशी लहान होऊन, पण प्लेटच्या तळाला नीट चिकटून बसल्या होत्या. कर्करोगाच्या पेशी मात्र कडेने सुटायला लागल्या होत्या, आणि सुटलेली पेशी म्हणजे मेलेली पेशी. काकांच्या जिवाची घालमेल झाली. पोरीची आठवड्याची मेहनत चाललीय आणि आपण हात बांधून बघतोय, असं त्यांना वाटलं. रडतं त्या मुलाला आधी दूध, या न्यायाने त्यांनी कर्करोगाच्या चारही प्लेट्समधलं पाणी काढलं आणि साखर-सीरमवालं भरपेट मीडियम घातलं. निरोगी पेशी काही मागत नव्हत्या, त्या तशाच ठेवल्या. सोमवारी सकाळी तिला सांगू, असं म्हणून ते घरी गेले.

सोमवारी सकाळी काका दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीवर तोंड वासून होते. टाचणी अंगात कणकण असताना सातलाच आली आणि प्लेट्स घेऊन गेली. काका अकराला सुजलेला गाल धरून पोचले तेव्हा तिने प्रथिनं मोजायला पेशी फोडून पुढचं काम सुरू केलं होतं. तोंड बधिर, शब्द फुटेना, मुलगी घाईत. उद्या सांगू, असं ते मनाशी म्हणाले. मंगळवारी ती दुसऱ्या इमारतीत होती.

गुरुवारी प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. मोठ्या मॅडम, म्हणजे तिथल्या प्रमुख, सगळ्यांना बोलावून टाचणीच्या पाठीवर थाप मारत होत्या. त्रेचाळीस तास उपाशी राहूनही कर्करोगाच्या पेशी जिवंत होत्या, नुसत्या जिवंत नव्हे, प्रथिनं जोरात बनवत होत्या. हे असं कुणी पाहिलं नव्हतं. पाणी थोडं पिवळट दिसलं होतं खरं, पण ते पेशींच्याच कामाने झालं, असं म्हणून तोसुद्धा पुरावाच धरला गेला. कुणीतरी काकांच्या हातात बेकरीतला केक ठेवला. काका तो घेऊन जिन्यात गेले आणि तिथे वरखाली करत राहिले. त्या क्षणी आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. एकच. पण एवढे हसरे चेहरे, आणि आपण दारात उभं राहून सगळ्यावर पाणी ओतायचं? शिवाय आपल्या चमचाभर मीडियमने एवढं मोठं काही झालं नसेलही, असं त्यांनी स्वतःला पटवलं. माणूस स्वतःचा वकील फार चांगला असतो.

पण शास्त्रात एकदा आलेलं उत्तर उत्तर धरत नाहीत, ते पुन्हा यावं लागतं. टाचणीने प्रयोग पुन्हा केला. कर्करोगाच्या पेशी चोवीस तासांतच सुटून तरंगायला लागल्या. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने प्लेट्स फेकल्या आणि तिसऱ्यांदा केला. पुन्हा तेच. चौथ्या वेळी पाणी बदललं, पाचव्या वेळी काकांकडून नव्या पेशी मागून घेतल्या, सहाव्या वेळी कपाटच बदललं. दर वेळी निरोगी पेशी जगायच्या आणि कर्करोगाच्या मरायच्या, आणि दर वेळी ती वहीत 'प्रयोग फसला' असं लिहायची. पाच महिने गेले. शिष्यवृत्तीचे दहा आठवडे उरले. मुलीच्या डोळ्यांखाली काळं आलं, नखं कुरतडून कुरतडून बोटं हुळहुळी झाली.

या पाच महिन्यांत काकांचं जे झालं ते शत्रूचंही होऊ नये. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खायला घातलं त्याला खवखवत होतं. ते टाचणीसाठी घरून डबा आणू लागले. दुपारी तिच्या टेबलाजवळ चार घिरट्या घालायचे, जेवलीस का विचारायचे, आणि तोंडाशी आलेलं दुसरं वाक्य गिळून परत फिरायचे. रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज काहीतरी निघायचं. ती रडत असली की आता नको, हसत असली की आता कशाला. एकतीस वर्षांचा लौकिक होता ना. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडणार कोण? बाटल्या भरताना त्यांचं लक्ष उडू लागलं. एकदा तर त्यांनी तीच बाटली दोनदा भरली.

बायकोच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. एका संध्याकाळी तिने त्यांना खिडकीशी अडवलं आणि डबा कुणासाठी जातो ते विचारलं. काकांनी सगळं सांगितलं, सांगताना सोळा फेऱ्या मारल्या. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "पुढे पळणारं घड्याळ आलं तर मी त्याला आणखी चावी देत नाही. तुम्ही त्या पोरीला रोज चावी देताय. बसा जरा." काका बसले नाहीत.

तिकडे चष्मेवाला होता. टाचणीच्याच बरोबरीचा, हुशार, पण जिभेला हाड नाही. आधी तो 'नाचता येईना अंगण वाकडं' एवढंच म्हणायचा. मग हळूच म्हणू लागला की जे पुन्हा येत नाही ते पहिल्यांदा तरी आलं होतं का. प्रयोगशाळेत अशी कुजबुज फार वेगाने पसरते, कारण सगळ्यांच्या मनात तीच भीती स्वतःबद्दल असते. बोलता बोलता ती मॅडमपर्यंत गेली.

शुक्रवारी सकाळी दहाला सगळ्यांची बैठक असे. काका दाराजवळ उभे राहत, म्हणजे मध्येच सटकता येई. त्या दिवशी टाचणीने सहावा प्रयोग फसल्याचं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वाईट बाई नव्हत्या, आवाजही चढवला नाही.

"मी एकच विचारते आणि एकदाच विचारते," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी जे आलं, ते खरंच आलं होतं ना?"

 खोटं न बोललेल्या माणसाला हा प्रश्न फार अवघड. हो म्हटलं तर खोटारडाही तेच म्हणतो. टाचणीचे कान लाल झाले, डोळे भरले, आणि चष्मेवाला टेबलाखाली आपल्या बुटांकडे पाहू लागला. काकांचा हात दाराच्या मुठीवर होता. त्यांना पळून जावंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. फार वाटलं.

"आलं होतं, मॅडम," काका म्हणाले. "पण त्या प्लेट्स उपाशी नव्हत्या. मी जेवायला घातलं होतं."

कुणाला कळेना. काकांनी मग रविवार सांगितला, तीन वाजले होते ते सांगितलं, कर्करोगाच्या चार भरल्या आणि निरोगी चार सोडल्या ते सांगितलं. सांगताना त्यांचे पाय पहिल्यांदाच एका जागी होते. कबुली दोन मिनिटांत संपली. पाच महिने ज्याला लागले ते काम दोन मिनिटांचं होतं, याची त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली.

टाचणी उठून बाहेर गेली. काका मागोमाग गेले. ती जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती, रडत नव्हती.

"पाच महिने, काका," ती म्हणाली. "रोज विचारत होतात, जेवलीस का."

"हो."

"मला वाटायचं, इथे एक तरी माणूस माझ्या बाजूने आहे."

काकांना बोलायचं होतं की होतोच, तुझ्याच बाजूने होतो, म्हणून तर प्लेट्स भरल्या. पण ते खरं असलं तरी कामाचं नव्हतं. "माझं चुकलं," ते म्हणाले. "आधी हात चुकला, मग तोंड." ती खाली उतरून गेली.

मॅडमनी काकांकडून सगळं लिहून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशीची पेशींच्या खोलीची किल्लीही काढून घेतली. टाचणीच्या प्रयोगांना काकांनी तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असंही ठरलं. काकांनी मान हलवली. चष्मेवाल्याने टाचणीची माफी मागितली की नाही ते कळलं नाही, पण दोन दिवस तो कुणाशीच बोलला नाही.

टाचणी दुपारी परतली आणि जुन्या वह्या काढून बसली. सहाही प्रयोगांची पानं तिने शेजारी शेजारी मांडली. पहिलं सोडलं तर उरलेली पाच एकच गोष्ट सांगत होती. निरोगी पेशींचं बटण पडतं, त्या थांबतात आणि उपाशीपोटी जगतात. कर्करोगाच्या पेशींना थांबता येत नाही. अन्न नाही तरी कारखाना रेटतात, शिल्लक शक्ती त्यातच जाळतात आणि मरतात. जिच्या जोरावर त्या माजतात, तीच खोड त्यांना उपवासात मारते. पाच वेळा हे उत्तर तिच्या समोर आलं होतं, आणि पहिल्या खोट्या उत्तराच्या नादात पाचही वेळा तिने ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. अशी खोड इतरांनीही कुठे कुठे पाहिली होती, तेव्हा टाळ्या वाजण्यासारखं काही नव्हतं. पण खरं होतं, आणि या पेशींत तिने पाहिलेलं होतं.

संध्याकाळी ती पेशींच्या खोलीच्या दारात आली. काका पाठमोरे उभे होते.

"उद्या बाराला मला आठ प्लेट्स हव्यात," ती म्हणाली. "वाढवून तुम्ही द्यायच्या. उपाशी मी ठेवणार."

आणि तो रविवार उजाडला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा काका रविवारी घरी होते. अकरा वाजले तेव्हा त्यांनी बूट घातले. बायको म्हणाली, किल्ली नाहीये तुमच्याकडे. त्यांनी बूट काढले. दोनला ते घरातल्या प्रत्येक खोलीतून तीनदा जाऊन आले, तीनला खिडकीची कडी उगाच काढली आणि घातली. डोळ्यांसमोर त्या चार प्लेट्स, कडेने सुटणाऱ्या. आपल्या हातच्या पेशी मरताहेत आणि मरणं हेच बरोबर आहे, हे डोक्याला कळत होतं. हाताला कळत नव्हतं. ते उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून फिरत होते. बायकोने टेबलावर एक जुनं घड्याळ उघडलं आणि त्यांना म्हणाली, हा स्क्रू धरा, हलवू नका. काकांनी चिमट्याने तो स्क्रू धरला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण खुर्चीवर बसून धरला.

सोमवारी ते पोचले तेव्हा टाचणी मायक्रोस्कोपशी होती. रविवारी बाराला तिने मोजमापाच्या प्लेट्स काढून घेतल्या होत्या. दोन्ही प्रकारांतली एकेक प्लेट मात्र मुद्दाम आजपर्यंत उपाशी ठेवली होती. तिने सरकून जागा केली. काका वाकले. पहिल्या प्लेटमध्ये गोल, मेलेले ठिपके तरंगत होते, एकही पेशी चिकटलेली नाही. त्यांना वाईट वाटलं, आणि कर्करोगासाठी वाईट वाटून घेतल्याबद्दल स्वतःचा रागही आला. दुसऱ्या प्लेटमध्ये निरोगी पेशी होत्या. आकसलेल्या, वाढ थांबलेल्या, पण सगळ्या जागच्या जागी.

"या पुन्हा चालू होतात का, ते बघायचंय," टाचणी म्हणाली. "आता यांना द्या."

काकांनी भरपेट मीडियमची बाटली उघडली आणि पिपेटची नळी भरली. हजारो वेळा केलेलं काम, डोळे मिटून करण्यासारखं. पिपेटचं टोक प्लेटच्या काठावर टकटक आपटायला लागलं. दोन थेंब टेबलावर पडले. ते थांबले, पुन्हा हात पुढे केला, पुन्हा तेच.

टाचणीने एका हाताने प्लेट धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट. मीडियम सावकाश आत गेलं. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही, पण प्लेट भरेपर्यंत हातही सोडला नाही.